चौथा रकाना

"बसा ना बाई. खुर्चीच आहे, चावत नाही," टाकसाळेसाहेब म्हणाले.

खुर्चीच्या पाठीवर नवा टॉवेल टाकला होता. टेबलावर 'निरीक्षक' अशी पाटी होती आणि तिचा रंग अजून ओला होता. मी बसताना हात टेकला तर माझ्या बाहीला निळा डाग पडला. पुढं कितीही धुतलं तरी तो गेला नाही.

मी धामणखेडच्या नगरपरिषद शाळेत तिसरीची वर्गशिक्षिका. त्या सोमवारी सकाळी परिपाठ चालू असतानाच माझ्या हातात आदेश पडला, की ताबडतोब निराधार कल्याण कार्यालयात हजर व्हा. शेहेचाळीस पोरं चौथीच्या वर्गात कोंबली आणि गेले.

भानगड अशी होती. विधिमंडळाची कल्याण समिती गुरुवारी तालुक्याला भेट द्यायला येणार होती. निराधारांचं, विधवांचं अनुदान नीट पोचतं का हे ती बघणार होती आणि ते पोचवायला कार्यालयात माणसं आहेत का हेही बघणार होती. माणसं तर नव्हती. मंजूर पदं सहा आणि प्रत्यक्षात दोघंच, कार्यालयप्रमुख टाकसाळेसाहेब आणि शिपाई इस्माईलभाई. मग उरलेल्या चार खुर्च्या उसन्या माणसांनी भरायच्या. लेखापाल म्हणून वाचनालयाचे ग्रंथपाल आणले होते. एक लिपिक पाटबंधारे खात्याकडून आला होता. दुसरा नगरपरिषदेच्या बागेतला मुकादम होता, त्याच्या नखांत माती असल्यामुळे त्याला हात टेबलाखाली ठेवायला सांगितलं होतं. आणि निरीक्षक मी.

"गुरुवार संध्याकाळपर्यंत फक्त," साहेब म्हणाले. "कुणी काही विचारलं तर मी बोलेन. तुम्ही मान हलवा."

मला हसूच येत होतं. खोटं कशाला सांगू, चार दिवस पोरांच्या गोंगाटातून सुटका म्हणून बरंही वाटलं होतं. अकराच्या सुमारास दारात एक म्हातारी येऊन थबकली. तिनं पाटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि दोन्ही हात गालावर ठेवले.

"आगं माय, खुर्चीत मानूस आलं व्हय!"

"या आजी. काय काम आहे?"

"आवं अडीच वरीस झालं येतीया मी. ह्या रिकाम्या खुर्चीला हात जोडायचं आन् माघारी जायाचं. शिपाईदादाला इच्यारा." मग ती जवळ आली आणि डोळे बारीक करून म्हणाली, "बाई, तुमी वळकलं न्हाईसा? मी ठकूबाई. बुरूड आळीतली, लिंबाच्या बुडाला घर. दसऱ्याच्या टायमाला आलावता न्हवं मताची चिठ्ठी घिऊन? पानी प्यालासा की माज्या हातचं."

मग ओळखलं. आमच्याकडं शिक्षकांना मतदार यादीचं काम असतं. ऑक्टोबरातल्या विधानसभेच्या निवडणुकीआधी मी घरोघर फिरून चिठ्ठ्या वाटल्या होत्या. ठकूबाई सुपं विणायची. आता बोटं वाकडी झाल्यामुळं विणणं सुटलं होतं. ती एकटी होती. तिला महिन्याला अनुदान मिळायचं आणि त्याला ती सगळ्यांसारखी 'पगार' म्हणायची.

"पगार बंद झालाय बाई. दिवाळीपासनं. मदी दोन वरसं तपासनीला कुनी आलंच न्हाई, म्हनून मीच इत हुती सांगायला, की बाबांनो मी हाय. हितं म्हनायचे, निरीक्षक आल्यावर या. आन् आता तर पगारच तोडला."

"मग चाललंय कसं?"

"शेजारची शकीला भाकरी देती. मी तिचं धान्य निवडून देती. तिच्या घरात सा तोंडं हायती, बाई. तिनं तरी किती दीस द्यायची?"

मी कपाटातली नोंदवही काढली. आतापर्यंत मजा वाटत होती, म्हटलं खरा निरीक्षक काय करतो ते तरी बघू. नाव सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ठकूबाई सूर्यवंशी, बुरूड आळी. नावासमोर जांभळा शिक्का होता. 'पत्त्यावर आढळून आल्या नाहीत.' खाली तारीख, नऊ ऑक्टोबर.

"आजी, निवडणुकीच्या आसपास कुठं गावाला गेला होता?"

"मी कुटं जाती? गुडघं बगा की माजं. परसाकडं जायाचं तरी भिताड धरून जाती." आणि तिनं कॅरीबॅगेतून रेशनकार्ड काढलं. त्यात घडी घातलेली मतदान चिठ्ठी होती. तिच्याकडं असलेला सगळ्यात ताजा सरकारी कागद तोच होता, म्हणून जपून ठेवलेला. चिठ्ठीवर माझी सही होती. तारीख अकरा ऑक्टोबर.

म्हणजे नऊ तारखेला सरकारला जी बाई सापडली नव्हती, तिच्या हातचं पाणी सरकारचीच मी अकरा तारखेला प्याले होते.

माझे कान तापले. "होईल आजी," मी म्हणाले.

"आता काय, तुमीच आलासा. आता व्हनारच." ती त्या पाटीला हात लावून पाया पडली. बोटाला निळा रंग लागला तो तिनं पदराला पुसला. मी इथं चारच दिवस आहे हे तेव्हाच तिला सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही.

ती गेल्यावर मी नोंदवही पहिल्या पानापासून उलटली. शिक्का, शिक्का, शिक्का. तीनशे बारा नावं आणि सगळ्यांना तीच तारीख. नोंदवही उचलून मी साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, नऊ ऑक्टोबरला तीनशे बारा घरी कोण गेलं होतं?"

साहेब चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला नाही. "बाई, चार दिवस आलायत, चार दिवस बसा."

"कोण गेलं होतं?"

"कोण जाणार? निरीक्षकाचं पद अडीच वर्षं रिकामं आहे. मी एकटा. माझ्याकडं दोन तालुके."

"मग 'आढळून आल्या नाहीत' कसं लिहिलं?"

त्यांनी खणातून एक छापील तक्ता काढून माझ्यापुढं सरकवला. "वाचा. रकाने किती आहेत? तीन. आढळले, आढळले नाहीत, मयत. वरून दर आठवड्याला फोन येतो, पडताळणी शंभर टक्के झाली का. मी काय लिहू?"

"आम्ही गेलो नाही, असं लिहा."

"असा रकाना नाही," टाकसाळेसाहेब म्हणाले.

ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं आणि त्याचाच मला जास्त राग आला. छापील कागदात जागा नाही म्हणून या माणसानं तीनशे बारा जणांना तालुक्यातून नाहीसं केलं होतं. वर त्याबद्दल त्यांना शाबासकीचं पत्रही आलं होतं. 'अपात्र लाभार्थी वगळण्याचे काम उल्लेखनीय.' ते चौकटीत घालून भिंतीवर लावलेलं होतं, समितीला दिसेल असं.

घरी येऊन मी मतदार यादीची माझी प्रत काढली. चिठ्ठी मिळाल्याबद्दल प्रत्येकाची सही किंवा अंगठा त्यावर घेतलेला असतो. तीनशे बारांपैकी एकाहत्तर नावं माझ्या भागातली निघाली. त्यातली तिघं वारली होती, दोघी लेकींकडं राहायला गेल्या होत्या. बाकीच्या सहासष्ट जणांचे सही-अंगठे माझ्यापुढं होते. आंधळे शंकरतात्या होते. पोलिओनं पाय गेलेली मुमताज होती. ती तर घराबाहेर कधी पडलीच नव्हती. तीसुद्धा सापडली नव्हती म्हणे.

बुधवारी साहेबांना ती यादी दाखवली. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

"हे निवडणुकीचे कागद आहेत बाई. ते इथं बाहेर काढलेत तर कारवाई होईल तुमच्यावर. नोकरीला किती वर्षं झाली?"

"अकरा."

"मग अजून बरीच आहेत. मान हलवा आणि गुरुवारी संध्याकाळी घरी जा."

गुरुवारी समिती आली. सहा गाड्या, हार, काजूच्या बशा. समितीप्रमुख मोठ्या आवाजाचे, हसरे गृहस्थ होते. त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून एक नजर फिरवली, बागेच्या मुकादमाला 'काम कसं चाललंय' विचारलं. मुकादमानं हात टेबलाखालीच ठेवून मान हलवली. 'छान' म्हणून ते पुढं गेले. दहा मिनिटांत कार्यालयाची पाहणी संपली आणि सगळे बैठकीला बसले.

समितीत एक आमदारबाई होत्या. माहिती पुस्तिका त्याच एकट्या वाचत होत्या, चष्मा लावून, बोट ठेवून. त्यांनी मधेच विचारलं, "या तालुक्यात तीनशे बारा लाभार्थी पत्त्यावर आढळले नाहीत? कुठं गेले एवढे?"

"स्थलांतर, मॅडम," साहेब म्हणाले. "ऊसतोड, वीटभट्टी..."

"निराधार आणि अपंग माणसं ऊस तोडायला गेली? प्रत्यक्ष घरी कोण जाऊन आलं?"

"ते निरीक्षकांचं काम असतं, मॅडम."

"निरीक्षक कोण?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. दुसरं करणार काय? पाटीमागं मीच बसले होते. त्यांनी डोळ्यांनीच मला मान हलवायला सांगितलं.

मी उठले. तोंडातून आवाज वर्गात निघतो तसा निघाला.

"मी गेले होते मॅडम. घरोघर गेले. पण निरीक्षक म्हणून नाही, मतदान चिठ्ठ्या वाटायला. या यादीतली एकाहत्तर माणसं माझ्या भागातली आहेत. त्यातली सहासष्ट मला त्यांच्या पत्त्यावर, त्यांच्या घरात भेटली. हे त्यांचे सही-अंगठे. तारीख अकरा ऑक्टोबर. आणि कार्यालयाचा शिक्का नऊ ऑक्टोबरचा. तुम्हा आमदारांपैकी कुणाला ना कुणाला मत द्यायला ही माणसं पत्त्यावर होती. उचलून नेली, रिक्षातून नेली, बोटाला शाई लावून घरी आणून सोडली. पगार द्यायचा म्हटल्यावर बरी सापडेनाशी झाली!"

काजू चावण्याचा आवाज थांबला. कोपऱ्यात टिपण घेणाऱ्या माणसानं पेन वर धरलं. समितीप्रमुख त्याला म्हणाले, "ते मताचं वाक्य घेऊ नका." मग माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही नक्की निरीक्षक आहात की शिक्षिका?"

"शिक्षिका. सोमवारी मला इथं आणून बसवलं. आज संध्याकाळी परत जायचंय. या चारही खुर्च्यांवर..."

"साहेब, बाईंची रीतसर नियुक्ती आहे," टाकसाळेसाहेब घाईनं उठले. "हा बघा आदेश."

समितीप्रमुखांनी आदेश वाचला. मोठ्यानं वाचला. "'पुढील आदेश होईपर्यंत निरीक्षक या पदाचा कार्यभार सोपवण्यात येत आहे.' सही आहे, शिक्का आहे. मग पद भरलेलंच आहे की! चार दिवस वगैरे इथं कुठं लिहिलंय?"

"पण सगळ्यांना माहीत आहे..."

"माहीत असण्यावर समिती चालत नाही बाई. कागदावर चालते."

आमदारबाईंनी पुस्तिका मिटली. "ते राहू द्या. त्या सहासष्टांपैकी एखाद्याला आत्ता आणता येईल?"

इस्माईलभाई दारातच उभे होते. "बाहेर बसलीय एक, मॅडम," ते म्हणाले. त्यांनी तिला मुद्दाम थांबवून ठेवलं होतं हे मला नंतर कळलं.

ठकूबाई भिंत धरत धरत आत आली. एवढे हार, एवढी माणसं पाहूनही बुजली नाही. आमदारबाईंनी तिला खुर्ची दिली, ती खाली जमिनीवर बसली.

"आजी, कार्यालय म्हणतं तुम्ही पत्त्यावर नसता."

"मी हाय की," ठकूबाई म्हणाली. "हितं बी हाय आन् तितं बी हाय. कुनी तरी बगायला यायाला नगं का?"

समितीप्रमुखांनी तिथंच तोंडी सांगितलं, तीनशे बारांची पुन्हा पडताळणी करा, पंधरा दिवसांत. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमदारबाईंनी ठकूबाईला उठायला हात दिला. ती दाराशी जाऊन पुन्हा वळली.

"मंग उद्या बाई हितंच बसनार न्हवं?"

समितीप्रमुख हसले. "बसतील आजी, बसतील. आदेशच आहे." आणि ते जेवायला उठले.

शुक्रवारी मी शाळेत होते. पाढे, हजेरी, खिचडी. ग्रंथपाल वाचनालयात गेले, मुकादम बागेत गेला. इस्माईलभाईंनी पाटी काढून कपाटामागं ठेवली. माझ्यावर कारवाई वगैरे काही झाली नाही. जे बोलायचं ते मी बोलले होते, समितीनं हुकूम दिला होता, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती.

मंगळवारी दुपारी वर्गाच्या दारात ठकूबाई उभी राहिली. अर्धं गाव ओलांडून आली होती. धाप लागली होती. पोरं टकामका बघायला लागली.

"दोन डाव यून गेली," ती म्हणाली. "शुक्रवारी आन् काल. खुर्ची रिकामी. म्हनलं असतील कुटं कामात." ती पायरीवर बसली आणि गुडघे चोळायला लागली. "मला म्हनत्यात, पत्त्यावर सापडत न्हाई. तुमी तरी कुटं सापडलासा, बाई?"

ती रागावून बोलली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. अशी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. समितीपुढं मोठ्या तोंडानं बोलून आले होते आणि हिला साधं खरं सांगायची हिंमत मला झाली नव्हती.

घरी जाऊन पर्समधून तो आदेश काढला आणि पुन्हा वाचला. पुढील आदेश होईपर्यंत. मग मी विचार केला, पुढचा आदेश आहे कुठं? मला कार्यमुक्त केल्याचा कागद कुणी दिलाच नव्हता. साहेबांनी तोंडानं सांगितलं होतं आणि मी मुकाट्यानं निघून आले होते.

बुधवारी शाळा सुटल्यावर ठकूबाईला रिक्षात घातलं आणि कार्यालयात गेले. पाटी कपाटामागून काढून टेबलावर ठेवली. खुर्चीत बसले. नोंदवही उघडली, तिच्या नावासमोर 'आढळल्या' लिहिलं, सही केली, खाली 'निरीक्षक' लिहिलं. ठकूबाई माझ्या हाताकडं बघत होती.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. "बाई, तुमचं काम संपलं इथलं!"

"मग मला तसा लेखी आदेश द्या, साहेब. आजची तारीख घालून."

त्यांनी कोऱ्या कागदाकडं हात नेला आणि मागं घेतला. समिती गेल्यावर सहाव्या दिवशी निरीक्षकाला काढलं, असा कागद त्यांनी स्वतःच्या सहीनं लिहायचा होता. तो मुंबईला गेला असता तर पुढं काय झालं असतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

"शाळेचं काय करणार?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारनंतर येईन."

"मी काही पाहिलं नाही," म्हणाले आणि आत गेले. पण पुढच्या शनिवारी नोंदवही माझ्या टेबलावर काढून ठेवलेली होती.

पंधरा दिवसांचं काम होतं, मला सात महिने लागले. इस्माईलभाई सायकल घेऊन बरोबर यायचे. ठकूबाईचा पगार एप्रिलात चालू झाला. पहिल्या पगाराचं तिनं शकीलाच्या घरी गोड केलं आणि मला डब्यातून पाठवलं. तीनशे बारांपैकी दोनशे त्रेपन्न माणसं त्यांच्या त्यांच्या पत्त्यावर होती. बावीस जण दुसरीकडं राहायला गेले होते. सदतीस वारले होते.

सदतिसांतली एकोणीस माणसं शिक्का बसल्यानंतर वारली होती. मुमताज त्यातलीच. तिची आई मला म्हणाली, "तुम्ही यायच्या आधी दोन महिने, पैसे नाहीत म्हणून तिचं औषध बंद झालं होतं, बाई." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिनं मला बसायला पाट दिला, मी बसले नाही.

तेव्हाच समितीचा अहवाल सभागृहात मांडला गेला. आमदारबाईंच्या कृपेनं त्याची प्रत मला मिळाली. आमच्या तालुक्यावर त्यात चार ओळी होत्या. 'निरीक्षकाचे पद भरलेले आढळून आले. निरीक्षकांनी क्षेत्रीय माहिती तत्परतेने सादर केली. कर्मचारी अपुरे असल्याच्या तक्रारीत तथ्य दिसून आले नाही. समिती समाधान व्यक्त करते.' मी ते दोनदा वाचलं आणि अहवाल भिंतीवर भिरकावला. माझ्या बोलण्याचाच पुरावा करून त्यांनी ते पद कायमचं पुरून टाकलं होतं.

शेवटचा तक्ता भरायला बसले तेव्हा तेच तीन रकाने समोर होते. आढळले, आढळले नाहीत, मयत. मुमताजला 'मयत'मध्ये लिहायला माझा हात होईना. ती वारली हे खरं होतं, पण तेवढंच खरं नव्हतं. मी पर्समधून पट्टी काढली, लाल पेन्सिल काढली आणि तिसऱ्या रकान्याच्या पुढं एक सरळ रेघ ओढली. वर मथळा लिहिला, 'कोणी गेलेच नाही'. त्या रकान्यात एकोणीस नावं लिहिली. प्रत्येकापुढं शिक्क्याची तारीख आणि मरणाची तारीख. टाकसाळेसाहेबांनी तो तक्ता वाचला आणि त्यावर सही केली.

तीन आठवड्यांनी तो मुंबईहून परत आला. वर शेरा होता, 'तक्ता विहित नमुन्यात नाही. जादा रकाना वगळून फेरसादर करावा.'

मी रबर हातात घेतलं नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर एकोणीस पत्ते लिहिले, गल्ली, घर नंबर, जवळची खूण असे सगळे, आणि खाली एक ओळ लिहिली, 'रकाना वगळण्यापूर्वी कृपया या पत्त्यांवर जाऊन यावे.' तक्ता पुन्हा पाठवून दिला.

त्याला दहा वर्षं झाली. अजून कुणी आलेलं नाही.